वज्रेश्वरीला नेणारा माणूस

मीरा रोडच्या कुठल्याही सोसायटीत सेक्रेटरी बदलतो, वॉचमन तर दर दोन महिन्यांनी बदलतो, लिफ्टचा कंत्राटदारही बदलतो. पण वज्रेश्वरीला नेणारा माणूस बदलत नाही. त्याला कुणी नेमत नाही, तो निवडूनही येत नाही. कुठल्यातरी श्रावणात गच्चीवर उभा असताना तो सहज बोलून जातो, "चला की सगळे मिळून, मी गाडी बघतो," आणि त्या दिवसापासून तहहयात तो गाडी बघत राहतो. पुढे वज्रेश्वरीमागून टिटवाळा येतं, टिटवाळ्यामागून विरारची जीवदानी, मग त्र्यंबकेश्वर, आणि अंगात बळ असेल त्या वर्षी अक्कलकोट-गाणगापूर-तुळजापूर असा मोठा दौराही निघतो. पण इमारतीत ओळख राहते ती 'वज्रेश्वरीवाले' हीच.

आमच्या शांतीनगरातल्या इमारतीत हे खातं नानांकडे आहे.

नाना पश्चिम रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी चर्चगेट-विरार मार्गावर, गाडीच्या शेवटी त्या एवढ्याशा केबिनमध्ये उभ्याने झाली. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी खिशात शिट्टी असते आणि माणसांकडे बघण्याची नजर अजून फलाटावरचीच आहे: कोण चढला, कोण राहिला, कोण लटकतोय. २०२२च्या जानेवारीत रेल्वेने गार्ड हे पदनाम बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं, तेव्हा चारशे चारने मोठ्या कौतुकाने त्यांना 'मॅनेजरसाहेब' अशी हाक मारली. नाना आठवडाभर चारशे चारशी बोलले नाहीत. "मॅनेजर बँकेत असतो, हॉटेलात असतो. गाडी सुटते ती गार्डाच्या शिट्टीवर," एवढंच ते जिन्यात कुणाला तरी, म्हणजे चारशे चारला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले.

चारशे चार हा माणूस आहे. नाना कुणालाच नावाने ओळखत नाहीत, फ्लॅटच्या नंबराने ओळखतात. "दोनशे तीनच्या सासूबाई येणार आहेत का? मग त्यांना चाकावरची सीट नको." "तीनशे एकचा मुलगा उलटी करतो, त्याला खिडकी." एकदा वज्रेश्वरीच्या गाभाऱ्यासमोर गुरुजींनी संकल्पासाठी यजमानाचं नाव विचारलं. यजमान डोळे मिटून, हात जोडून उभे, नाना बाजूने चटकन म्हणाले, "तीनशे दोन." गुरुजींनी पुढे गोत्रही विचारलं. त्यावर नाना "बी विंग" म्हणाले, असं एकशे दोन सांगतो. पण एकशे दोन पदरचं घालतो, त्यामुळे तेवढं सोडून द्यावं.

यात्रेची नांदी ग्रुपवर होते. नानांची सूचना वाचली की रेल्वेच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं काहीतरी वाचतोय असं वाटतं. "रविवार. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. गाडी ५.४० ला सुटेल. ५.४१ ला येणाऱ्याने आपल्या सोयीने यावे. टॉवेल, बदली कपडे, औषधे सोबत. नवस ज्याचा त्याने फेडावा." पावणेसहा का नाही, असं विचारायची सोय नाही. पावणेसहा ही नानांच्या लेखी वेळच नव्हे. पाऊण, सव्वा, साडे या सगळ्या त्यांना घरगुती, ढिसाळ गोष्टी वाटतात.

रविवार निवडण्यामागेही विचार असतो. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे वार, तेव्हा गर्दी. नवरात्र तर नावच काढू नका. चैत्र अमावास्येला वज्रेश्वरीची मोठी जत्रा भरते; त्या दिवशी जाऊ या असं एकदा दोनशे एकने सुचवलं, तर नाना म्हणाले, "जत्रा भाविकांसाठी असते." आपण कोण, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मुळात नानांचा सिद्धांत असा की देव सकाळी सातला मोकळा असतो, नऊनंतर तो इतरांचा. पैसे भरून पटकन दर्शन मिळवण्याचा जो प्रकार मोठ्या देवस्थानांत असतो, त्याचा त्यांना मनापासून तिटकारा आहे. फर्स्ट क्लासचा पास काढल्याने गाडी आधी पोचते का, हा त्यांचा सवाल. उत्तर नसल्यामुळे सगळे निमूट रांगेत उभे राहतात.

ठरल्या दिवशी ५.४० ला शिट्टी होते. अगदी काटा जागेवर असताना होते. गाडी सुटते सहा पन्नासला, कारण तीनशे एकचा मुलगा उठलेला नसतो आणि दोनशे तीनचे ठेपले तव्यावर असतात. या सत्तर मिनिटांत नाना गाडीच्या मागच्या बाजूला ताठ उभे असतात आणि गाडी वेळेवर सुटली आहे असाच त्यांचा चेहरा असतो. "रेल्वेत तरी याहून वेगळं काय होतं," असं एकशे दोन पुटपुटतो. शेवटी सतरा आसनांच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये एकोणीस माणसं आणि मांडीवरची दोन मुलं बसली की नाना मागच्या पत्र्यावर दोन थापा मारतात. ड्रायव्हर नवा असेल तर दचकतो. जुना असेल तर गिअर टाकतो.

काशीमिऱ्यावरून गाडी महामार्गाला लागते आणि फाउंटनच्या नाक्यावर थांबते. थांबते म्हणजे थांबतेच. घोडबंदरकडून येणारे कंटेनर, अहमदाबादकडे जाणारे ट्रक आणि देवदर्शनाला निघालेल्या मीरा-भाईंदरच्या जवळपास सगळ्या सोसायट्या तिथे एकमेकांना भेटतात. पुढे वर्सोवा पूल, खाली वसईची खाडी. गाडी पुलावर तटली की नानांचा इतिहासाचा तास सुरू होतो, आणि तास म्हणजे खरोखरच तास, कारण पुलाला घाई नसते.

"डावीकडे बघा. अलीकडच्या काठाला, पार तिकडं टोकाला धारावी बेट. आपल्या उत्तनचं. पलीकडे वसई."

दोन्ही काही दिसत नाही. दिसतं ते धुकं आणि पुढच्या ट्रकच्या मागे लिहिलेला शेर. पण सगळे बघतात.

"सदतीस साली मोहीम सुरू झाली. सतराशे सदतीस. एकोणचाळीसच्या मे महिन्यात पोर्तुगीजांची वसई पडली. बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा. दोन वर्षं! धारावी बेटासाठीच किती झटापट. एकदा घेतलं, गेलं, पुन्हा घेतलं. का? तर खाडीच्या तोंडावर बसलंय. ते हातात आल्याशिवाय वसईची पाण्यावरची वाट बंद होत नाही. त्या दोन वर्षांत अप्पांनी एकदा तरी विचारलं का, अजून किती लांब म्हणून?"

हा शेवटचा प्रश्न तीनशे एकच्या मुलाला उद्देशून असतो. तो कानात बोंडं घालून बसलेला असतो.

नानांचा इतिहास ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते. लढाई त्यांना फारशी सांगता येत नाही. तटाखाली सुरुंग उडाले, मराठे खिंडाराकडे धावले, हे सगळे तोंडाला पाणी सुटावं असे प्रसंग ते दोन वाक्यांत उरकतात. त्यांचा जीव रमतो तो त्यानंतरच्या भागात. वसईच्या चर्चमधल्या मोठाल्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. भीमाशंकराच्या देवळात त्यांतली एक आहे, नाशकात नारोशंकराची घंटा म्हणतात ती एक, वाईजवळ मेणवलीला आणखी एक. हे ठाऊक असणारी माणसं पुष्कळ भेटतात. नाना मात्र पुलावर गाडी उभी असताना खिडकीबाहेर बघत विचारतात, "भीमाशंकरला चढवली कशी ती? बैल किती लागले असतील? दोरखंड कुठले आणले? आणि चढणीवर एखादा बैल बसला, तर बदली बैल ठेवला होता का कुणी?" इतिहासाच्या पुस्तकात याचं उत्तर नसतं, आणि त्यांच्या मते इतिहासकारांनी आयुष्यात कधी सहल काढलेली नसल्याचा हा पुरावा आहे.

शिरसाड फाट्याला महामार्ग सुटतो. मग मांडवी, उसगाव, दोन्ही बाजूंना झाडी, भातखाचरं. गाडीत जरा गार वारा शिरतो आणि ठेपले निघतात. ठेपल्यांसोबत इंद्राची गोष्ट निघते. वडवली हे वज्रेश्वरीचं जुनं नाव. वसिष्ठ मुनींनी इथे देवीसाठी यज्ञ मांडला आणि त्यात इंद्राला हविर्भाग द्यायचा राहिला. इंद्र खवळला, त्याने वज्र फेकलं. देवीने ते वज्रच गिळून टाकलं आणि वज्रेश्वरी झाली. आख्यायिका इतकीच. नाना सांगतात तेव्हा ती जरा वेगळी वाटते, कारण मागच्या गणपतीत आरतीचं ताट आपल्याकडे आलं नाही म्हणून तीनशे दोनने मेंटेनन्सचा चेक दोन महिने अडवून धरला होता. नाना गोष्ट सांगतात इंद्राची आणि बघतात तीनशे दोनकडे. "मान द्यायचा राहिला तर द्यायचा राहिला. त्यात वज्र काय फेकायचं?"

मंदागिरी नावाच्या लहानशा टेकडीवर देऊळ आहे आणि पहिल्या नजरेला ते किल्ल्यासारखं दिसतं. दगडी तट, भारदस्त दरवाजा, वर नगारखाना. वसई घेतली तर तुझं देऊळ बांधीन, असा चिमाजी अप्पांचा इथे नवस होता. किल्ला पडला आणि देऊळ उभं राहिलं. देवळाच्या दरवाजाची मापं वसईच्या किल्ल्याच्या दरवाजावरून घेतली असं सांगतात. नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधल्याचं सांगतात. दोनशे तीन मूळचे बडोद्याचे. दरवाजाखालून जाताना त्यांची छाती दर वेळी इंचभर फुगते आणि "आ तो अमारा गायकवाड" हे वाक्य हमखास येतं. नाना पाठीमागून, रांग सरळ करत म्हणतात, "गायकवाड मूळचे दावडीचे. खेड तालुका, जिल्हा पुणे." गायकवाडांची ही ओढाताण वर्षानुवर्षं चालू आहे आणि तोडगा निघण्याची चिन्हं नाहीत, कारण ठेपले दोनशे तीनचे असतात आणि गाडी नानांची.

पण नानांचा खरा माणूस ना अप्पा, ना गायकवाड. दरवाजातून आत गेल्यावर ते एखाद्या नवख्याला हमखास बाजूला घेतात. "अप्पांनी नवस बोलला. बरं. बोलून ते पुढं गेले. वसई घेतल्यावर पुढच्याच वर्षी वारले बिचारे. मग देऊळ बांधलं कुणी?"

नवखा म्हणतो, पेशव्यांनी.

"शंकराजी केशव फडके. वसईचे सुभेदार. अप्पांनी हुकूम दिला, यांनी काम केलं. दगड यांनी आणवला. चुना यांनी मळवला. गवंडी जेवले का, पाऊस आला तर माल कुठं ठेवायचा, सगळं यांनी. नवस बोलणाऱ्याचे पुतळे होतात. गवंडी गोळा करणाऱ्याचं नाव इथं कुणाला विचारून बघा."

हे सांगताना नानांचा आवाज चढलेला असतो. शंकराजी केशव अख्ख्या सुभ्याचा कारभार बघत होते की नुसतं देऊळ, याच्याशी नानांना कर्तव्य नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे एक मध्यमवयीन गृहस्थ असतो: कानावर कलम, हातात यादी, आणि "चुना आला का?" म्हणून उन्हात ताटकळत उभा. या गृहस्थाला नाना नात्यातलाच मानतात. पायऱ्या आणि दीपमाळ नाशिककडच्या नानासाहेब चांदवडकर या सावकाराने बांधली असं म्हणतात, त्याचाही ते आदराने उल्लेख करतात. पण तो आदर नावापुरता, म्हणजे शब्दशः नावापुरताच असावा.

पायऱ्या बावन्न. या आकड्यावर कुणी वाद घालू नये. पण एकोणीस माणसं मोजत चढली की वर पोचेपर्यंत एकोणीस आकडे तयार होतात. मध्ये एका पायरीवर सोनेरी कासव आहे, विष्णूचं रूप म्हणून लोक त्याच्यावर हळदकुंकू वाहतात. दोनशे तीनच्या सासूबाई तिथे वाकतात, मागचा त्यांच्यावर आपटायच्या बेतात येतो आणि सगळ्यांची मोजणी तिथेच चुकते. नाना वरून ओरडतात, "कासव मोजायचं नाही! पायरी मोजायची!"

खाली ओटीच्या दुकानांत एक मावशी आहेत. नाना नारळ मीरा रोडहून घेऊन येतात, पोत्याने. भाईंदरला घाऊक बाजारात स्वस्त पडतो आणि निवडून घेता येतो; देवळाच्या दारात नारळाचा भाव भक्ताच्या चेहऱ्याकडे बघून ठरतो, असं त्यांचं ठाम मत आहे. मावशी हे जाणून आहेत. नानांच्या खांद्यावर पोतं दिसलं की त्या लांबूनच म्हणतात, "या नाना. नारळ घरचा, खण घरचा, तांदूळ घरचे. निदान चपला तरी माझ्याकडं काढा, म्हणजे मलाही वाटेल गिऱ्हाईक आलं." चपला मावशींकडेच निघतात. त्यांचेही पैसे असतात, ते नाना न बोलता देतात. मग मावशी त्यांच्या हातावर मूठभर सुटी फुलं ठेवतात, ज्यांचे पैसे त्या घेत नाहीत. हा व्यवहार इतका जुना झालाय की त्यात नफा-तोटा कुणाचा, हे दोघांपैकी कुणालाच सांगता यायचं नाही.

गाभाऱ्यात मध्यभागी वज्रेश्वरी, शेजारी रेणुका, कालिका. रांग चांगली हलती असेल तर देवीसमोर उभं राहायला मिळतं ते एक श्वास घेऊन सोडण्याइतकं. तेवढ्यात ओटी द्यायची, पदर सावरायचा, मुलाचं डोकं खाली दाबायचं, मागणं मागायचं. तीनशे दोनच्या वहिनी मागणं आधी कागदावर लिहून पाठ करतात, तरी ऐन वेळी अर्धं राहतंच. राहिलेलं त्या बाहेरच्या हनुमानाला सांगून टाकतात.

या सगळ्या वेळात नाना कुठे असतात? दाराशी. बाहेर येणाऱ्या माणसांवर त्यांचं बोट हवेत फिरत असतं. "एकशे दोन, दोघं. दोनशे एक, तिघं. दोनशे तीन... सासूबाई कुठायत? थांबा. कुणी हलू नका." सासूबाई आत दुसऱ्यांदा रांगेत घुसलेल्या असतात. नाना आत जातात, त्यांना हाताला धरून बाहेर आणतात, आणि या ये-जा करण्यात देवीकडे त्यांची पाठ असते.

काकू, म्हणजे नानांच्या मंडळी, हे वर्षानुवर्षं बघत आल्या आहेत. एकदा प्रदक्षिणा संपवून त्या कठड्यावर टेकल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, नाना आहेत म्हणून आम्हाला देवी दिसते. काकू म्हणाल्या, "तुम्हाला दिसते हो. यांना विचारा, देवीच्या साडीचा आज रंग कुठला आहे."

नाना यादीवर खुणा करत होते. मान वर न करता म्हणाले, "अगं, गार्डाला पुढचं काही दिसत नसतं. मोटरमन बघतो पुढचं. गार्डाला मागचं दिसतं."

"म्हणून तर विचारलं," काकू म्हणाल्या. "हिरवी होती."

यानंतरचा कार्यक्रम गरम पाण्याचा. तानसा नदीच्या काठाने अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी अशी कुंडं पसरली आहेत आणि संधिवाताने गांजलेली निम्मी मुंबई त्यांत पाय सोडून बसलेली असते. चारशे एकचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने कुंडाच्या काठावर उभं राहून समजावून सांगितलं की पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल खोल जातं, खाली तापतं आणि तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. ज्वालामुखी वगैरे काही नाही. सगळ्यांनी कौतुकाने ऐकलं. मग नाना म्हणाले, देवीने इथे दैत्य मारले, त्यांचं हे ऊन ऊन रक्त आहे, असं जुने लोक सांगतात.

"रक्त असतं तर लाल नसतं का, नाना?"

"किती युगं धुतलं गेलंय, त्याचा काही विचार करशील की नाही?"

चारशे एकचा मुलगा गप्प झाला. विज्ञानाची काही एक शिस्त असते आणि अशा युक्तिवादासमोर ती फार टिकत नाही.

कुंडात उतरण्याचीही पद्धत आहे. नाना आधी डाव्या पायाचा अंगठा बुडवतात, मग पाऊल, मग पोटरी, आणि प्रत्येक टप्प्यावर चेहऱ्यावर वेगळं काहीतरी उमटतं. पाणी खरोखर चटका देणारं असतं. गंधकाचा तो उकडलेल्या अंड्यासारखा वास सगळीकडे. गुडघ्यापर्यंत उतरले की नाना आजूबाजूला एकवार नजर फिरवतात आणि ते दर वेळचं वाक्य म्हणतात, "हे काहीच नाही. आमच्या तुरळचं पाणी याहून कडक." नानांचं गाव संगमेश्वर तालुक्यात, तुरळजवळ, आणि तिथेही गरम पाण्याचे झरे आहेत ही गोष्ट खरी. पण तीच माहिती ते जीवदानीच्या पायऱ्या चढताना (आमच्याकडचा घाट याहून उभा) आणि त्र्यंबकेश्वरच्या पावसात (आमच्याकडचा पाऊस याहून जाड) थोडीशी फिरवून वापरत असतात. कोकणी माणूस देवाला नमस्कार करतो तो असा: तू मोठा आहेस, पण आमचा ग्रामदेव पाहिला नाहीस.

गणेशपुरीला नित्यानंद बाबांची समाधी आहे. बाबा १९६१च्या ऑगस्टमध्ये गेले. तिथे शांतता आहे, त्यामुळे आमच्या मंडळींचं फार वेळ जमत नाही. भीमेश्वराला नमस्कार होतो आणि पोटात कावळे ओरडायला लागतात.

इथे नानांच्या खऱ्या विद्वत्तेबद्दल लिहायला हवं. कुठल्या देवळाचा कळस किती उंच, ते त्यांना ठाऊक नसेल. पण महामार्गावर बायकांना जाण्यासारखं स्वच्छ संडास कुठे आहे, त्याला आतून कडी लागते की नाही, दिवा आहे की नाही आणि बाहेर टेबल टाकून बसलेला इसम पाच मागतो की दहा, हे त्यांना वापी ते तुळजापूर तोंडपाठ आहे. तीर्थक्षेत्रांची त्यांची स्वतःची प्रतवारी आहे आणि ती पुराणांतल्या माहात्म्याशी जुळत नाही. संडास, पार्किंग, चहा, सावली, मग देव. साठी उलटलेल्या बायकांना विचाराल तर त्या ही प्रतवारी डोळे झाकून मान्य करतील. देवस्थानांच्या माहितीपुस्तिका लिहिणारी मंडळी मात्र अजून स्थापनेचा शक आणि उत्सवाची तिथी यांतच अडकली आहेत.

एकदा परतीच्या वाटेवर दोनशे एकने सरळच विचारलं, "नाना, एवढ्या लांब येतो आपण. आपल्या हद्दीत, तारोडीला धारावी देवी आहे. महापालिकेची बस जाते. तिथं कधी नेलं नाहीत?"

"बस जाते ना?" नाना म्हणाले. "मग मी कशाला?"

यात एक अख्खं तीर्थशास्त्र आहे. ज्या देवाला जायला गाडी ठरवावी लागत नाही, यादी करावी लागत नाही, कुणी उलटी करत नाही, ती यात्राच नव्हे. पण भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या बसमध्ये नाना मंगळवारी दिसतात, असं तिकडे शाळेत शिकवणारी तीनशे चारची सून सांगते. एकटेच असतात. अगदी मागच्या सीटवर. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं मागे पडतात, बस थांबली की चढणाऱ्या-उतरणाऱ्यांकडे बघून त्यांचे ओठ हलतात, आणि कंडक्टरने दोरी ओढली की नाना हलकेच मान डोलावतात. तारोडीला उतरतात. घरी काकूंना बँकेत जातो म्हणून सांगितलेलं असतं. देवीच्या साडीचा रंग तिथे त्यांना दिसतो की नाही, हे तीनशे चारच्या सुनेला विचारलं नाही. पण काकूंना सगळं ठाऊक आहे, इतकं नक्की. मंगळवारी सकाळी त्या "बँकेत जाताय तर फुलं घेऊन जा" म्हणतात.

परतताना पूल पुन्हा तटलेला असतो. आता इतिहास नको असतो कुणाला. मुलं झोपलेली, बायकांच्या मांडीवर ओले टॉवेल, गाडीभर गंधक आणि झेंडूचा वास. नाना मागच्या सीटवर हिशेबाला बसतात. वही शाळकरी, शंभर पानी, पण आकडे छापल्यासारखे. गाडी, ड्रायव्हरचा भत्ता, नाश्ता, चपला, पार्किंग, कुंडावरची जागा, तीनशे एकच्या मुलासाठी घेतलेल्या लिंबाच्या गोळ्या. पैशात त्यांचा कधी घोटाळा झालेला नाही. हिशेब जुळतो, आणि जुळला की गाडी इमारतीच्या दाराशी उभी राहीपर्यंत ते पुन्हा तपासतात.

मागच्या खेपेला मात्र पंचाईत झाली. रात्री साडेनऊला, नानांच्या भाषेत २१.३० ला, ग्रुपवर हिशेब आला आणि त्याच्या तळाशी लिहिलं होतं: "शिल्लक रु. १२." एकोणीस जणांत बारा रुपये वाटता येत नव्हते. चारशे चार म्हणाला, नाना, तुम्हीच ठेवा, चहा प्या. नानांनी त्याला उत्तरही दिलं नाही; मॅनेजरसाहेब प्रकरण त्यांच्या मनात अजून होतं. तीनशे दोन म्हणाले, सोसायटीच्या फंडात जमा करा. सेक्रेटरींनी कळवलं की बारा रुपयांची पावती फाडायची तर पावतीपुस्तकाचा खर्च जास्त होईल. दोनशे तीनने लिहिलं, देवीच्या पेटीत टाका, विषय संपला.

तासभर ग्रुपवर काही आलं नाही. मग २२.४७ ला नानांचा निरोप आला: "पेटी वज्रेश्वरीला आहे. सबब पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी जावे लागेल. गाडी ५.४० ला. दोनशे तीन यांनी ठेपले जरा जास्त आणावेत, मागच्या वेळी चारशे एकला पुरले नाहीत."

अकरा वाजायच्या आत सतरा अंगठे वर झाले. अठराव्याने विचारलं, जीवदानीला टाकले तर चालणार नाहीत का, तिकडे रोपवे आहे. त्याला नानांनी ग्रुपमधून काढलं नाही, पण यादीत त्याचा नंबर चाकावरच्या सीटसमोर लिहिला.